बोअर आटल्याची बातमी

आमच्या गल्लीत लाईट गेली तर बटन बंद करायचं नाही, असा कडक रिवाज होता. इतर ठिकाणी शहाणी माणसं लाईट गेल्यावर आधी बटन बंद करतात. आमच्याकडे एखाद्या नव्या सुनेनं तसं केलंच, तर शेजारीण येऊन ते पुन्हा चालू करून जायची आणि जाता जाता चार शब्द सुनावायची. भर उन्हात लाईट आली तर ती कळणार कशी? म्हणून प्रत्येक घरात एक दिवा, आणि ज्यांच्याकडे होता त्यांचा रेडिओ, आवाज पूर्ण वाढवून, गपगार वाट बघत असायचा. लाईट आली की अख्ख्या गल्लीतले रेडिओ एकदम खेकसायचे. त्यावर काय लागलंय ते ऐकायला मात्र कुणीच थांबायचं नाही. सगळे घागरी घेऊन बोअरकडे पळालेले असायचे.

बोअर पालिकेचा होता, गल्लीच्या खालच्या टोकाला. मोटर जमिनीच्या पोटात, पाण्यात बुडालेली. वर फक्त एक जाड पाईप आणि पत्र्याच्या पेटीत बसवलेला स्टार्टर. पाणी साठवायला टाकी होणार होती. तिच्यासाठी पालिकेनं चौथरा बांधला होता आणि तिथंच दमली होती. त्यामुळे लाईट असेल तेवढा वेळ पाणी, लाईट गेली की धार तुटली. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. आड कोरडे, नाल्यात वाळूसुद्धा तापलेली. आणि लाईट दिवसातून कधी तासभर, कधी वीस मिनिटं, कधी नुसतं तोंड दाखवून परत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि आमचं तालुक्याचं गाव त्यात आलं होतं. मोठी माणसं ऊठसूट म्हणायची, ‘आता जिल्हा झालाय.’ जिल्हा झालाय, आता लाईट जाणार नाही. जिल्हा झालाय, आता टाकी होईल. माझे वडील तहसील कचेरीत शिपाई होते. तिथल्या पाट्या नव्यानं रंगवून झाल्या तेव्हा त्यांनी आम्हाला मुद्दाम दाखवायला नेलं होतं. पाटी झकास होती. आम्ही ती बघत असतानाच कचेरीतली लाईट गेली. किनवटच्या जंगलातल्या खेड्यातून माझी मावशी एकदा राहायला आली, तिनं आमची ही रोजची धावाधाव दोन दिवस पाहिली आणि म्हणाली, “आमच्याकडं बरं हाय बाई. लाईटच न्हाई, मनून जात बी न्हाई.”

खोटं कशाला बोलू, मला ती धावाधाव मनापासून आवडायची. विशेषतः आमच्या घरी किल्ली असेल त्या दिवशी. स्टार्टरच्या पेटीला कुलूप होतं आणि किल्ली रोज एका घरी फिरायची. ज्या घरी किल्ली त्या घरानं लाईट आली की सगळ्यात आधी पोचायचं, पेटी उघडायची, हिरवं बटन दाबायचं. उशीर झाला तर अख्खी गल्ली वर्षभर विसरायची नाही. आमच्या पाळीला किल्ली माझ्या गळ्यात असायची, काळ्या दोऱ्यात ओवलेली. मी जेवायला बसायची तीही दाराकडे तोंड करून. अकरावीत शिकणारी मुलगी चप्पल न घालता तापलेल्या रस्त्यावरून पळते, हे पाहून आई कपाळावर हात मारून घ्यायची. मी बटन दाबायची. जमिनीतून आधी घुंऽऽ असा आवाज यायचा, पाईप थरथरायचा, खोकायचा आणि मग मनगटाएवढी धार भसकन बाहेर पडायची. बायकांच्या तोंडून एकदमच ‘हांऽऽ’ निघायचं. असा आनंद मला पुढे नोकरीचा कागद हातात पडला तेव्हाही झाला नाही.

पण या आनंदाला एक दुसरी बाजू होती आणि तिचं नाव आक्का. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून वर्षानं मोठी. आदल्या उन्हाळ्यापर्यंत गल्लीच्या वरच्या टोकाला एक बोअर होता. तो आटला. पालिकेनं मोटर काढून नेली. तेव्हा खालचा बोअर नव्हता, तो नंतर पावसाळ्याच्या तोंडावर झाला. मधले तीन महिने पाणी आणायचं ते माळापलीकडच्या विहिरीवरून, जायला पाऊण तास, यायला एक. आई रोजगार हमीच्या कामावर जायची, वडील कचेरीत. माझी दहावीची परीक्षा होती, तेव्हा मला अभ्यासावरून कुणी उठवणार नव्हतं. आक्का अकरावीला होती, शास्त्र शाखेला, वर्गात पहिली. ती म्हणाली, “तीन महिन्याचंच तर हाय.” तीन महिन्यांनी कॉलेजनं गैरहजेरीसाठी तिचं नाव पटावरून काढलं होतं, आणि घरी बसलेली मुलगी म्हणून पाहुणे यायला लागले होते. आता देवणीचं स्थळ पक्कं झालं होतं. मुलगा चांगला होता, मास्तर होता. वैशाखात लग्न.

म्हणजे वैशाखानंतर घरात पाण्याला एकटी मी. आईनं मला सरळच सांगून ठेवलं होतं. “बोअर दाराशी हाय तवर तुझं कॉलेज हाय. त्यो आटला तर मी तुला शिकवू शकत न्हाई. मला वाईट वाटंल, पर सांगून ठिवते.” आई अशीच बोलायची. तिच्या बोलण्यात कधी आतलं-बाहेरचं काही नसे.

त्या मार्चअखेरीला वेशीजवळची डीपी जळाली. जळाली म्हणजे काय, आधी ठिणग्या उडाल्या, मग एवढा मोठा आवाज झाला की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. तीन दिवस लाईट नाही. चौथ्या दिवशी वीजवाल्यांची माणसं बैलगाडीतून दुसरी डीपी घेऊन आली. गल्ली त्यांच्याभोवती जमली. कुणी चहा आणला, कुणी डोक्यावर छत्री धरली. एक माणूस खांबावर चढला, तारा जोडल्या, खाली उतरला, हात झटकले. आणि अकराच्या सुमाराला सगळे रेडिओ एकदम ओरडले.

किल्ली माझ्या गळ्यात होती. तशी मी आयुष्यात पुन्हा कधी पळाले नाही. मागून घागरींचा आवाज, पोरांचा गोंगाट, कुणाची तरी सासू मला “अगं हळू” म्हणतेय आणि स्वतःच पळतेय. मी पेटी उघडली, बटन दाबलं. घुंऽऽ झालं. पाईप थरथरला, खोकला. आम्ही सगळ्या पुढं सरकलो. पाईपातून करंगळीएवढं पाणी आलं, गढूळ, आणि तेही दमून थांबलं.

मी बटन बंद केलं, पुन्हा दाबलं. मोटर चालू होती. हात ठेवला की पाईप थरथरत होता. पाणी मात्र नाही.  एका म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि रिकामी घागर उचलून ती चालायला लागली.

दोन दिवस आम्ही तेच केलं. लाईट आली की पळायचं, बटन दाबायचं, करंगळीएवढं पाणी चिंधीनं टिपावं तसं टिपायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी पालिकेचे पाण्याचे मुकादम आले. मिशा पिकलेले, बोलायला मऊ. त्यांनी पाईपाला कान लावला, स्टार्टर चालू करून पेटीतल्या मीटरच्या काट्याकडे पाहिलं आणि मान हलवली. “मोटर चांगली हाय. पाणी गेलं खाली. आटला बोअर.” दुष्काळाच्या वर्षात या वाक्याला कुणी पुरावा मागत नसे. चार दिवसांपूर्वी दोन कोसांवरचा आटला होता, परवा शेतातला आटला होता, आज आमचा. मुकादम म्हणाले, “उद्या सकाळी माणसं घेऊन येतो. मोटर काढून मोमीनपुऱ्यात टाकायची हाय. तिथं पाणी हाय पर मोटर न्हाई.” त्यांचंही बरोबरच होतं.

त्या संध्याकाळी आईनं माझी कॉलेजची वही फळीवरून काढली, तिच्यावरची धूळ पुसली आणि परत फळीवरच ठेवली. मला म्हणाली, “परवापासनं माळावरल्या विहिरीला आक्कासोबत जात जा. रस्ता म्हायती झाला पायजे.” मी भांडले. मी आधीपासूनच भांडखोर. मी जेवले नाही, ताट सरकवलं, रडले, आणि आक्काला नको ते बोलले. म्हटलं, तू सुटलीस.  आक्कानं माझ्या ताटातली भाकरी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा राग गिरणीवाल्या चाचांवर निघाला. आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी त्यांची. नवी डीपी बसली त्याच दिवशी आईनं ज्वारीचं दळण टाकलं होतं आणि ते पीठ असं भरड निघालं की भाकरी थापतानाच फाटत होती. कालपर्यंत कुणाला त्याचं भान नव्हतं. आज मला झालं. माणसावर चालत नाही तेव्हा पिठावर चालतं. मी डबा उचलला आणि तरातरा गिरणीत गेले. चाचा पट्ट्यावर मेण घासत बसले होते.

“चाचा, हे पीठ हाय का रवा? चाळून चाळून आईचे हात गेले.”

चाचांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळलं आणि हसले. “गुस्सा नको करू बेटी. हे त्या दिसचं हाय. लाईट आली, मी चालू केलो, तुझा डबा पैलाच व्हता. आधा डबा झाल्यावर ध्यानात आलं, चाक उलटं फिरायलंय.”

“उलटं कसं फिरंल?”

“डीपीवर तारा इकडच्या तिकडं जोडल्या की फिरतंय. तीन तारा असतात. दो तारां इधर के उधर करे, हो गया सीधा. आन डबा, फुकट दळून देतो.”

मी डबा द्यायला हात पुढं केला आणि तो तसाच राहिला. त्या क्षणी मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. डोक्यात एकदम रेडिओ सुरू झाल्यासारखं झालं. मी विचारलं, “चाचा, बोअरच्या मोटरीला बी तीनच तारा असतेत का?”

चाचांनी मेणाचा तुकडा खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग बोअरच्या दिशेनं पाहिलं. “या अल्ला,” ते हळूच म्हणाले. त्यांनी आपलं चाक दोन मिनिटांत सरळ केलं होतं आणि विसरून गेले होते. त्यांचं चाक डोळ्यांना दिसत होतं. आमची मोटर जमिनीखाली होती; ती उलटी फिरून पाणी वर ढकलत नसली तरी दिसणार कुणाला? आणि दुष्काळात आम्ही सगळेच जमिनीकडे बघत होतो, खांबाकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

डबा तिथंच टाकून मी पळाले. बोअरवर मुकादम आणि चार माणसं आली होती. लोखंडी तिपाई उभी झाली होती, साखळी चढली होती. एक जण मोठा पाना लावून पाईपाचा पहिला सांधा सैल करायला वाकला होता. आक्का थोडी बाजूला, चौथऱ्यावर बसलेली. मी तिच्या कानाशी धापा टाकत सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं, दोनदा सांगावं लागेल. तिनं मला मध्येच थांबवलं. तिचे डोळे असे चमकले की मला वर्षभरानं माझी जुनी आक्का दिसली, फळ्यापाशी उभी राहून मास्तरांची चूक दाखवणारी.

ती उठली आणि पदर खोचून सरळ मुकादमांसमोर गेली. लग्न ठरलेली मुलगी, चार परक्या माणसांसमोर. आई कामावर होती ते एक बरं झालं.

“काका, सांधा खोलू नका. बोअर आटला न्हाई.”

मुकादम समजुतीनं हसले. “पोरी, मी पंचवीस वर्सं बोअर बघायलोय.”

“बगा की. पर मला एक सांगा. डीपी जळायच्या आदल्या दिवशी धार केवढी व्हती?”

“मला काय म्हाईत?”

“एवढी.” तिनं स्वतःचं मनगट धरून दाखवलं. मागच्या बायकांनी ‘हाव’ म्हणून मान हलवली. “तीन दिवस लाईट नव्हती. म्हंजे तीन दिवस कुणी एक थेंब उपसला न्हाई. न उपसता पाणी आटलं कसं, काका?”

मुकादमांचं हसू थांबलं. पाना धरलेला माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. एवढ्यात चाचा आले, हातात पक्कड आणि पेचकस घेऊन, आणि त्यांनी आपल्या उलट्या चाकाची हकिकत सांगितली. मुकादम बराच वेळ मिशी ओढत होते. माणूस भला होता. दुसऱ्या कुणी आम्हाला हाकलून दिलं असतं. शेवटी म्हणाले, “करा. पर लाईट जायच्या आत करा. न्हाई जमलं तर मी मोटर काढणार.”

चाचांनी मुख्य बटन खाली ओढलं, पेटी उघडली. आक्का त्यांच्या खांद्यावरून बघत होती आणि विचारत होती, कोणत्या दोन, तिसरी का नाही. चाचा म्हणाले, कोणत्याही दोन चालतात. ती म्हणाली, “हां, बराबर हाय,” आणि एकटीच हसली. गल्ली गोळा झाली होती. सगळ्यांच्या घागरी रिकाम्या, सगळ्यांचे कान रेडिओकडे, कारण एकच भीती होती, की आता नेमकी लाईट जाईल.  चाचांनी पेच आवळले. मुख्य बटन वर केलं आणि मला म्हणाले, “दाब बेटी.”

मी आक्काकडे पाहिलं. म्हटलं, “तू दाब.”

तिनं दाबलं. घुंऽऽ झालं, पण आवाज वेगळा होता, भरलेला. पाईप खोकला, एकदा, दोनदा, आणि मग पाणी आलं. अर्धवट सैल झालेल्या सांध्यातूनही आलं, वरून आलं, बाजूनं आलं. मुकादम नखशिखान्त भिजले. पाना धरलेला माणूस चौथऱ्यावर चढला. बायका घागरी लावायच्या सोडून तोंडावर पाणी घेत होत्या. त्या म्हातारीनं दोन्ही हातांची ओंजळ धारेखाली धरली आणि ती भरून वाहत होती तरी काढीना. मुकादम मिशा निथळत म्हणाले, “पंचवीस वर्सं,” आणि मोठ्यानं हसायला लागले. मग सगळेच हसलो. मी नाचले. खरंच नाचले, भर रस्त्यात, आणि आक्का पण माझ्याबरोबर गोल फिरली, वेणी सुटलेली, परकर-पोलक्यातल्या दिवसांसारखी. माझं कॉलेज वाचलं होतं. मी ते तिला ओरडून सांगितलं, जसं काही तिला माहीतच नव्हतं. तिनं माझे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, “हाव गं येडे, वाचलं.”

पहिली घागर तिनंच भरली. दुसरी लावली. धारेकडे बघता बघता तिचा हात थांबला. घागर भरून वाहायला लागली तरी तिनं ती काढली नाही.

“एक सांग,” ती म्हणाली, “मागल्या साली वरचा बोअर आटला, त्याच्याआधी बी तारा जोडल्या व्हत्या का गं?”

जोडल्या होत्या. वादळानं खांब पडला होता आणि पाच दिवस लाईट नव्हती. सहाव्या दिवशी वीजवाले येऊन नवा खांब उभा करून गेले. मला ते लख्ख आठवत होतं, कारण दहावीची उजळणी राहिली होती आणि दिवा लागल्यावर मी आनंदानं टाळ्या वाजवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बोअर आटल्याची बातमी आली होती.

आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती.

“न्हाई,” मी म्हटलं. “मला आठवत न्हाई.”

तिनं थोडा वेळ मान हलवली. मग घागर काखेत घेतली, दुसरी डोक्यावर. “जा तू,” ती म्हणाली. “तुझा तास चुकंल.” मी वही घ्यायला घरी पळाले.